पाळीव अजगर : वाढीची नोंद आणि मोजमाप

घरी पाळलेल्या अजगराचे वजन आणि लांबी ठरावीक रीतीने मोजून तारीखवार लिहून ठेवणे, म्हणजे वाढीची नोंद. साप ओरडत नाही, लंगडत नाही, आणि निरोगी अजगरसुद्धा महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. त्यामुळे तो आजारी आहे हे नुसत्या डोळ्यांना दिसते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. वजनाची वही ते कित्येक आठवडे आधी दाखवते.

अमेरिका आणि युरोपात सर्वांत जास्त पाळला जाणारा अजगर बॉल पायथन हा आहे. त्याचे शास्त्रीय नाव पायथॉन रेजियस. तो मूळचा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला. घाबरला की डोके आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून हे नाव पडले. खालचे वजनाचे आकडे त्याचे आहेत. जाळीदार अजगर आणि बर्मी अजगर या महाकाय जातींचा विचार मुख्यतः लांबीच्या संदर्भात केला आहे.

वजन : हेच मुख्य माप, कारण ते नीट घेतले तर चुकत नाही. पाच किलोपर्यंतचा, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा बॉल पायथनला जन्मभर पुरतो. अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू साधारण ५० ते ७० ग्रॅमचे असते. तिथे पाच ग्रॅमची घट म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा, म्हणून पिल्लासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्यावा.

काटा सपाट फरशीवर ठेवावा. हवेसाठी भोके पाडलेला प्लॅस्टिकचा डबा झाकणासकट काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा, मग साप आत सोडून झाकण लावावे. शून्य करताना झाकण बाजूला राहिले आणि वजन घेताना वर आले, तर तेवढे ग्रॅम सापाच्या नावावर चढतात. नवख्यांची ही सर्रास होणारी चूक आहे. साप डब्यात फिरत असेपर्यंत आकडा खालीवर होत राहतो. तो स्थिरावला की तीनदा वाचून मधला आकडा लिहावा. डबा दर वेळी तोच असावा आणि काटा अधूनमधून माहीत असलेल्या वजनाने, उदाहरणार्थ एक किलोच्या वजनमापाने, तपासावा.

वजन खाणे देण्याआधी घ्यावे. खाल्ल्यानंतर किमान ४८ तास अजगराला हात लावू नये. हाताळल्यास तो भक्ष्य ओकून टाकू शकतो आणि त्यातून सावरायला त्याला कित्येक आठवडे लागतात. शिवाय त्या काळात वजन खोटेच असते. पोटात अख्खा उंदीर असतो, आणि पचनासाठी शरीरही फुगलेले असते : बर्मी अजगराचे हृदय मोठ्या जेवणानंतर ४८ तासांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढते, पचन संपले की पुन्हा पूर्ववत होते. दुसरी फसगत विष्ठेची. अजगर ती आठवडेच्या आठवडे धरून ठेवतो, मग विष्ठा आणि युरेटचे (म्हणजे घट्ट लघवीचे) पांढरे गोळे एकदम टाकतो. त्या दिवशीची घट ही आजाराची घट नव्हे. म्हणून नुसता आकडा लिहून भागत नाही. चांगली नोंद अशी दिसते : ‘१४ जून, ६१२ ग्रॅम. शेवटचे खाणे ५ जून, ३५ ग्रॅमचा उंदीर. विष्ठा ११ जून. कात अजून नाही, डोळे निळसर.’ डोळे निळसर होणे ही कात जवळ आल्याची खूण. या दिवसांत खाणे नाकारले तरी चिंता नसते.

पिल्लाचे वजन एक-दोन आठवड्यांनी, प्रौढाचे महिन्यातून एकदा पुरे. रोज वजन करणाऱ्याला पाण्याचे आणि विष्ठेचे चढउतारच मोजायला मिळतात, आणि सततच्या हाताळणीने बिथरलेला साप खाणे सोडतो. काट्यावरून परत ठेवल्यावर हात साबणाने धुवावेत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. वजनाचा डबाही स्वयंपाकात परत जाता कामा नये.

आकड्यावरून खाण्याचे प्रमाण ठरते. पिल्लाला दर पाच ते सात दिवसांनी त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के वजनाचे भक्ष्य देतात. ते सापाच्या सर्वांत जाड भागापेक्षा फार जाड नसावे. साप अर्धा किलोच्या आसपास आला की प्रमाण पाच-सात टक्क्यांवर आणून दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवतात. पूर्ण वाढलेल्याला महिन्याभराने एकदा दिले तरी चालते. पहिल्या वर्षी वाढ भराभर होते, वयात आल्यावर मंदावते. प्रौढ मादी साधारण १२० ते १५० सेंमी. लांब आणि दीड ते अडीच किलोची, नर त्याहून लहान, बहुधा दीड किलोच्या आत. प्रजननासाठी मादी १,५०० ग्रॅमची होईपर्यंत थांबण्याची रीत आहे. हा टप्पा लवकर गाठावा म्हणून ठासून खायला घालणारे लोक आहेत. त्याने मादी जड होते, मोठी होत नाही.

घट कधी गंभीर समजायची? प्रौढ बॉल पायथन, विशेषतः नर, थंडीत किंवा प्रजननाच्या हंगामात कित्येक महिने खात नाही. १,४२० ग्रॅमचा नर तीन महिन्यांच्या उपवासाने १,३५० वर आला, तर ती पाच टक्क्यांची घट आहे. पाणी पीत असेल, अंगाने टणक असेल तर वाट पाहावी. पण ६४० ग्रॅमचा साप सहा आठवड्यांत ५६० वर आला, तर साडेबारा टक्के गेले. दहा टक्क्यांपलीकडची घट पशुवैद्याकडे नेण्याजोगी. तोवर आधी पेटीचे तापमान तपासावे : उबदार बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड बाजू २५ च्या आसपास. उब कमी पडली की अजगराला पचवता येत नाही आणि तो खाणे टाळतो. तापमान बरोबर असूनही घट चालू राहिली तर जंत, ओकाऱ्या, श्वसनमार्गाचे विकार यांचा शोध घ्यावा लागतो. पशुवैद्य औषधाची मात्राही किलोमागे मिलिग्रॅम अशीच ठरवतो, तेव्हा ताजे वजन हाताशी असणे फार मोलाचे ठरते.

अंगकाठी : वजन एकटे सांगत नाही की भर मांसाची आहे की चरबीची. हातात घेऊन अंगाचा आडवा आकार कसा आहे ते पाहावे. निरोगी बॉल पायथन वरून किंचित निमुळता, कडेने भरलेला असतो. कणा धारदार वर आला आणि कडा खोल गेल्या तर साप रोडावला आहे. अंग नळीसारखे गोल, वळताना कातडीला वळकट्या, न ताणताही खवल्यांमधली कातडी दिसते, शेपटीच्या मुळाशी फुगवटे, ही लठ्ठपणाची लक्षणे. लांबी थांबलेली असताना वजन चढत राहिले, तर खाणे कमी करायची वेळ झाली.

लांबी : सापाची लांबी मोजणे दिसते त्यापेक्षा फार अवघड आहे. शेकडो मणके आणि त्यांना जोडणारे स्नायू यांमुळे एकच साप आखडला तर आखूड, सैलावला तर लांब भरतो. दोघांनी दोन टोके धरून सरळ करणे ही सर्वांत वाईट पद्धत. साप स्नायू आवळून प्रतिकार करतो, माप चुकते आणि कण्याला इजा होऊ शकते.

सोपा उपाय सुतळीचा. साप स्वतःहून फिरत असताना न ताणणारी सुतळी नाकाच्या टोकापासून पाठीच्या कण्यावरून, वळणांसकट, हळूहळू सोडत न्यायची. अवस्कराशी म्हणजे गुदद्वाराशी एक खूण आणि शेपटीच्या टोकाशी दुसरी. मग सुतळी टेपवर धरायची. सुतळी वळणाच्या आतल्या अंगाला सरकली तर माप कमी येते, बाहेर गेली तर जास्त, म्हणून तीन मापांची सरासरी घेतात. नाकापासून अवस्करापर्यंतची लांबी वेगळी लिहिण्याचे कारण असे की शेपटीचे टोक कधी तुटलेले असते, आणि नर-मादींच्या शेपटीत फरक असतो. दुसरी पद्धत फोमची : साप मऊ फोमवर ठेवून वरून पारदर्शक ॲक्रिलिकची पाटी हलकेच दाबायची, कण्याची रेषा तिच्यावर मार्करने आखायची, साप सोडून द्यायचा आणि रेषा निवांत मोजायची. तिसरी छायाचित्राची : सापाशेजारी पट्टी ठेवून बरोबर डोक्यावरून फोटो घ्यायचा आणि संगणकावर कण्याची रेषा काढायची. फोटो तिरका असला की माप बिघडते.

कात मोजून लांबी सांगू नये. खवल्यांमधली दुमडलेली कातडी कात निघताना उलगडते आणि ओली असताना ताणली जाते, त्यामुळे कात सापापेक्षा बरीच लांब भरते.

मोठ्या अजगरांबाबत अंदाज किती फुगतात याचे दाखले प्रसिद्ध आहेत. पिट्सबर्गच्या प्राणिसंग्रहालयातला ‘कोलोसस’ हा जाळीदार अजगर १९५६ मध्ये ८.७ मी. नोंदवला गेला, त्याच्या सांगाड्याची पुढे तपासणी झाली तेव्हा लांबी ६.३५ मी. निघाली. इलिनॉयमधली ‘बेबी’ ही १८२.८ किलोची बर्मी अजगर मादी ८.२ मीटरची म्हणून दाखवली जाई. मेल्यावर मोजली तेव्हा ५.७४ मी. भरली. जावामधला एक अजगर २००३ च्या अखेरीस १४.८५ मीटरचा म्हणून जगभर गाजला. पत्रकाराने टेप लावली तेव्हा तो ७ मीटरच्या आतच होता. कॅन्सस सिटीतली ‘मेड्युसा’ ही जाळीदार अजगर मादी मात्र १२ ऑक्टोबर २०११ रोजी रीतसर मोजली गेली : ७.६७ मी. आणि १५८.८ किलो.

तीन मीटरवरचा अजगर एकट्याने मोजायला घेऊ नये. वजनासाठी त्याला मजबूत कापडी पिशवीत घालून तोंड बांधतात आणि ताणकाट्याला (स्प्रिंगच्या टांगत्या काट्याला) टांगतात, किंवा माणसाने तो घेऊन माणसांच्या काट्यावर उभे राहून नंतर स्वतःचे वजन वजा करतात. या दुसऱ्या पद्धतीतही दुसरा माणूस जवळ हवा, आणि साप मानेभोवती घ्यायचा नाही.

भारतातील कायदा : आपला देशी अजगर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, तो घरी पाळणे गुन्हा आहे. परदेशी जातींसाठी २०२२ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर नोंदणीची तरतूद आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात शेताच्या बांधावर सापडलेले ठिपकेदार पिल्लू ‘अजगराचे आहे’ म्हणून मापायला हातात घेऊ नये. अत्यंत विषारी घोणस याच समजुतीने अनेकदा उचलली जाते. अशा वेळी दूर राहून वनविभागाला किंवा सर्पमित्राला कळवावे.