मायकल ओंडाचे

मायकल ओंडाचे (जन्म १९४३, कोलंबो) हे कॅनडातले कादंबरीकार आणि कवी. बहुतेकांना ते माहीत असतात 'द इंग्लिश पेशंट'मुळे, त्यातही पुस्तकापेक्षा ९ ऑस्कर मिळवलेल्या १९९६ च्या पिक्चरमुळे. पण माणूस मुळात कवी आहे, आणि हे लक्षात घेतलं नाही तर त्यांच्या कादंबऱ्या वाचताना स्टोरी पुढे का सरकत नाहीये असं वाटत राहतं.

घराणं सिलोनमधलं (आजची श्रीलंका), डच-तमिळ-सिंहली असं मिश्र. १९५४ ला इंग्लंड, १९६२ ला कॅनडा, मग टोरांटोत बीए, किंग्स्टनच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतून एमए आणि पुढे बरीच वर्षं यॉर्क युनिव्हर्सिटीच्या ग्लेंडन कॉलेजात इंग्लिश शिकवलं. पहिला कवितासंग्रह १९६७ चा, टोरांटोच्या कोच हाउस या छोट्या प्रेसने काढलेला. १९७० मध्ये बिली द किड या अमेरिकन गुंडावरचं पुस्तक आलं, त्यात कविता, गद्य, फोटो, मुलाखत सगळं एकत्र, आणि सुरुवातीलाच फोटोची रिकामी चौकट! त्याला गव्हर्नर जनरल अवॉर्ड हे कॅनडातलं मोठं साहित्य पारितोषिक मिळालं, असे एकूण पाच आहेत त्यांच्याकडे. १९७६ च्या 'कमिंग थ्रू स्लॉटर'मध्ये न्यू ऑर्लिन्सचा जॅझमधला कॉर्नेटवादक (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखं वाद्य) बडी बोल्डन आहे, त्याचं एकही रेकॉर्डिंग आज उपलब्ध नाही, म्हणजे ऐकायला काहीच नाही आणि तरी त्याच्यावर अख्खी कादंबरी.

माझ्या मते बेस्ट 'इन द स्किन ऑफ अ लायन' (१९८७). टोरांटोचा ब्लूर स्ट्रीट पूल आणि पाणी शुद्ध करायचा प्लांट ज्या स्थलांतरित मजुरांनी बांधला त्यांची ही गोष्ट. वाऱ्याने एक नन अर्धवट बांधलेल्या पुलावरून खाली पडते आणि खाली दोरावर लटकून काम करणारा मॅसिडोनियन मजूर तिला अधांतरीच एका हाताने पकडतो, त्यात त्याचा खांदा निखळतो. हा सीन वाचला की पुस्तक खाली ठेवता येत नाही.

त्यातलीच हाना आणि चोर कॅराव्हॅजिओ पुढे 'द इंग्लिश पेशंट'मध्ये (१९९२) भेटतात, सोबत बॉम्ब निकामी करणारा शीख सॅपर किरपाल सिंग ऊर्फ किप. हिरोशिमाची बातमी रेडिओवर ऐकून किप गोऱ्यांच्या त्या दुसऱ्या महायुद्धातून उठून निघून जातो. पुस्तकाचं सगळं वजन तिथे आहे, पिक्चरवाल्यांनी नेमकं तेच काढून टाकलं. पुस्तकाला बुकर ब्रिटिश लेखक बॅरी अन्सवर्थसोबत विभागून मिळालं, २०१८ ला गोल्डन मॅन बुकरही (बुकरच्या पन्नास वर्षांतल्या सर्वोत्तम पुस्तकाचा मान) यालाच.

'अनिल्स घोस्ट' (२०००) श्रीलंकेच्या यादवीवर आहे. 'द कॅट्स टेबल' (२०११) मध्ये कोलंबोहून इंग्लंडला बोटीने निघालेला ११ वर्षांचा मुलगा आहे, नाव मायकलच, पण लेखक म्हणतात ही कादंबरी आहे. ताजा कवितासंग्रह २०२४ चा. बुकरच्या पैशातून त्यांनी श्रीलंकेत राहून इंग्लिशमध्ये लिहिणाऱ्यांसाठी ग्रेशन प्राइझ सुरू केलं, नाव आईच्या माहेरच्या आडनावावरून.