ओल्या ओकाची वाकडी घरे

इंग्लंडच्या हेरफर्डशायरमधल्या लेडबरी या बाजारगावाचे एक जुने पोस्टकार्ड व्हॉट्सअ‍ॅपवर आले. गोट्यांची फरसबंदी असलेली चर्च लेन, दोन्ही अंगांना काळ्या तुळयांची नि पांढऱ्या गिलाव्याची घरे, मागे चर्चचा मनोरा. खाली शेरा : ‘जुन्या जहाजांच्या लाकडाची घरे, म्हणून वाकडी.’

ही जहाजांची दंतकथा इंग्लंडमध्ये दिसेल त्या जुन्या घराला चिकटवतात. लेडबरीपासून समुद्र कुठल्या कुठे! तुळयांवरच्या रिकाम्या खाचा पुरावा म्हणून दाखवल्या जातात. त्या बहुधा आधीच्या एखाद्या घराच्या असतात. चांगली तुळई कोण फेकून देणार? आणि तो काळा रंग बऱ्याच ठिकाणी 19व्या शतकातली हौस आहे.

वाकडेपणाचे मोठे कारण लाकडाच्या ओलाव्यात आहे. या तुळया ओक झाडाच्या. ओक वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण वर्ष लागते आणि वाळला की पटाशीला दाद देत नाही. म्हणून सुतार तो ओलाच कापत, जोडत आणि उभा करत. घर वाळायचे ते माणसे राहायला आल्यावर.

ताज्या ओकात पाणी दोन ठिकाणी असते : पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतले आधी जाते. तेव्हा लाकूड हलके होते, पण आकसत नाही. ओलावा कोरड्या वजनाच्या सुमारे 30 टक्क्यांवर आला की भिंतीतले पाणी सुटू लागते आणि आकसणे सुरू होते. भिंतीतले सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू बहुतांशी खोडाच्या लांबीला समांतर असतात. पाणी असते तंतूंच्या मधे. ते गेले की तंतू एकमेकांजवळ सरकतात, पण त्यांची लांबी तीच राहते. म्हणून 30 सेंटिमीटर रुंद तुळई सेंटिमीटरभर अरुंद होते, तर 3 मीटर उंच खांब जेमतेम दोन-तीन मिलिमीटर आखूड. पावसाळ्यात आपले दार रुंदीने फुगून चौकटीला अडते ते याच हिशेबाने, फक्त उलट्या दिशेने.

पुढची गंमत अशी, की वर्षाला एक अशा वाढीच्या कड्यांना समांतर दिशेत ओक जितका आकसतो, त्याच्या साधारण निम्माच तो गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत आकसतो. त्या दिशेने जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्या त्याला धरून ठेवतात. परीघ त्रिज्येपेक्षा जास्त आवळला की लाकूड वाकडे होणार आणि फाटणारच. तुळयांवरच्या गाभ्याकडे जाणाऱ्या लांब भेगा बघून घाबरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

सुतारांना हे ठाऊक होते. सांध्यातल्या खुंटीची भोके ते मुद्दाम किंचित सरकवून पाडत, म्हणजे खुंटी ठोकताना सांधा आवळला जाई. लोखंडी खिळा ओल्या ओकातल्या आम्लामुळे गंजला असता.

लाकूड ओलेच वापरल्याचा फायदा आता इतिहासकारांना होतो. वाढीच्या कड्यांच्या रुंदीचा क्रम आधीच वर्षे ठरलेल्या नमुन्यांशी जुळवून झाड तोडल्याचे वर्ष निघते आणि घर बहुधा त्यानंतर वर्षा-दोन वर्षांतच उभे राहिलेले असते. मात्र तुळईवर सालीलगतचे शेवटचे कडे शिल्लक हवे. ते पूर्ण वाढलेले असेल तर झाड हिवाळ्यात पाडले, आणि वसंतातल्या मोठ्या छिद्रांचीच ओळ असेल तर वसंतात, इतके बारीक कळते.