क्युरी तापमानाजवळचे घातांक : एका वादाची पार्श्वभूमी

१९८४ नंतरच्या काही वर्षांत इंदूरमध्ये केंद्राच्या दोन मोठ्या संशोधन संस्था उभ्या राहिल्या. द्रव हेलियम आणि चांगली मॅग्नेटोमीटर हाताशी आली, तसे दूरदूरच्या विद्यापीठांतले विद्यार्थी आपले नमुने घेऊन इथे येऊ लागले. त्यात मराठी मुलेमुलीही बरीच. लोहचुंबकीय धातूंवरच्या प्रबंधांत 'क्रांतिक वर्तन' हे प्रकरण हमखास दिसते, म्हणजे ज्याच्या वर लोहचुंबकत्व नाहीसे होते त्या क्युरी तापमानाजवळ चुंबकीय गुणधर्म कसे बदलतात ते. परीक्षक अडवतात तेही बहुधा तिथेच. वाद असतो तो या बदलाचे घातांक तापमानाच्या कोणत्या पट्ट्यातून काढायचे आणि त्यांवरून काय निष्कर्ष काढायचा याचा.

बीटा हा घातांक क्युरी तापमानाखाली चुंबकन कसे शून्याकडे जाते ते सांगतो, तर गॅमा त्या तापमानाच्या वर क्षेत्राला मिळणारा चुंबकीय प्रतिसाद कसा वाढत जातो ते. प्रत्येक अणूवर बाकी सगळ्यांचा सरासरी परिणाम धरणाऱ्या १९०७ च्या सरासरी-क्षेत्र सिद्धांताने बीटा ०.५ आणि गॅमा १ दिला. १९४४ मध्ये द्विमितीय आयझिंग प्रारूपाचे (यात अणुचुंबक फक्त वर किंवा खाली वळतात) अचूक उत्तर निघाले आणि हे आकडे सर्वत्र लागू नाहीत हे कागदावर सिद्ध झाले. धातूच्या बाबतीत खरा धक्का निकेलने दिला. त्याचे क्युरी तापमान सुमारे ६२७ केल्विन. १९६४ मधल्या विश्लेषणात गॅमा १.३५ च्या आसपास आला. १९६७ मध्ये निकेलच्याच मोजमापांवरून सुधारित अ‍ॅरट आलेखाची, म्हणजे चुंबकन आणि क्षेत्र यांना घातांक लावून आलेख काढण्याची, पद्धत पुढे आली. घातांक बरोबर निवडले तर समतापी रेषा समांतर होतात आणि क्युरी तापमानाची रेषा आरंभबिंदूतून जाते. १९७१ मध्ये पुनर्सामान्यीकरण या गणिती पद्धतीने, जी लहान अंतरांचे तपशील टप्प्याटप्प्याने गाळते, या आकड्यांमागचे कारण सांगितले. घातांक ठरतात ते मिती, स्पिनचे (अणुचुंबकाचे) घटक आणि परस्परक्रियेचा पल्ला यांवरून.

आजही अनेक प्रबंधांत लिहिलेले असते की बीटा ०.५ कडे झुकला, म्हणून इलेक्ट्रॉन भटके आहेत, म्हणजे एका अणूशी न बांधलेले, धातूभर फिरणारे. हा निष्कर्ष टिकत नाही. निकेलमधले इलेक्ट्रॉन भटकेच आहेत, तरी त्याचे घातांक त्रिमितीय हायझेनबर्ग प्रारूपाच्या (यात अणुचुंबक कोणत्याही दिशेला वळतात; बीटा ०.३६५, गॅमा १.३८६) जवळ येतात.

दुसरा, जास्त अवघड निर्णय म्हणजे तापमानाचा कोणता पट्टा घ्यायचा. खरे क्रांतिक वर्तन क्युरी तापमानाच्या अगदी जवळ दिसते. निकेलसाठी एक टक्का म्हणजे जेमतेम सहा केल्विन. पण एवढ्या जवळ गेले की नमुन्यातला असमानपणा क्युरी तापमानच पसरवून टाकतो, आणि कमी चुंबकीय क्षेत्रात डोमेन (एकाच दिशेने चुंबकित झालेले भाग) व विचुंबकनाची (नमुन्याच्या आकारामुळे आतले क्षेत्र घटण्याची) दुरुस्ती आड येते. मग पट्टा रुंद केला जातो. रुंद पट्ट्यात बीटा ०.४२ सारखा मधलाच कुठला तरी येतो, आणि घातांक व परस्परक्रियेचा पल्ला यांना जोडणाऱ्या १९७२ च्या सूत्रात बसवून त्यातून 'लांब पल्ल्याची परस्परक्रिया' काढली जाते. कधी ती खरीही असते. पण एका वर्तनातून दुसऱ्याकडे जाताना मिळणारे सरासरी घातांक असेच दिसतात, आणि पट्टा आकसत नेल्यावर आकडा स्थिर राहतो का, हे तपासल्याशिवाय दोन्हींत फरक करता येत नाही. डेल्टा = १ + गॅमा/बीटा हे नाते जुळले एवढ्यावर समाधान मानणेही अपुरे आहे. डेल्टा, म्हणजे क्युरी तापमानालाच क्षेत्रानुसार चुंबकन कसे वाढते याचा घातांक, त्याच मोजमापांतून आलेला असतो, आणि लॉग-लॉग आलेख बरेच दोष पोटात घालतो.

गॅडोलिनियमचे उदाहरण बोलके आहे. क्युरी तापमान २९३ केल्विन, म्हणजे इंदूरच्या जानेवारीतल्या पहाटे तो लोहचुंबक असतो, मेच्या दुपारी नसतो. मोजायला इतका सोयीचा धातू, तरीही द्विध्रुवी परस्परक्रिया (अणुचुंबकांचा एकमेकांवरचा थेट चुंबकीय परिणाम) आणि दिशाभेद (स्फटिकाच्या काही दिशांना चुंबकनाची पसंती) यांमुळे त्याच्या घातांकांवर दशकानुदशके चर्चा चालली. अलीकडे थरांच्या लोहचुंबकीय धातूंची भर पडली आहे. एकेरी थरापर्यंत सोलता येणाऱ्या या स्फटिकांत मितीच बदलत जाते, त्यामुळे पट्टा किती घेतला हे प्रत्येक आकड्याशेजारी छापण्याची मागणी परीक्षक करू लागले आहेत.