शेतात रोबोट म्हणजे माणसाची सुट्टी? नाही हो

"रोबोट आले की शेतकऱ्याची गरजच संपणार" हे वाक्य कितीतरी वर्षं फिरतंय, सोबत फोटो कायम तोच, दोन हात दोन पायांचा यंत्रमानव रोपाला पाणी घालतोय. असलं काही शेतात चालत नाही, चिखलात दोन पायांवर उभं राहायचं म्हणजे माणसाचीच फजिती होते.

खरे शेतीरोबोट दिसायला बोअरिंग असतात. नेदरलँड्समध्ये 1992 पासून गोठ्यात दूध काढणारे रोबोट आहेत, गाय आपल्या मर्जीने आत जाते, सेन्सर सड शोधतो आणि यंत्राचा हात त्यावर दूध ओढणारा कप लावतो. फवारणीच्या यंत्रावर कॅमेरे बसवलेत, ते तण ओळखून फक्त तिथलाच नोझल उघडतात त्यामुळे औषध बरंच वाचतं.

आता "माणसाशिवाय शेती" म्हणाल तर तीही झालीय, इंग्लंडच्या हार्पर अ‍ॅडम्स युनिव्हर्सिटीत 2017 मध्ये एक हेक्टर बार्ली पेरणीपासून कापणीपर्यंत कुणी शेतात पाय न ठेवता घेतली. पण गंमत बघा, ट्रॅक्टर साधाच होता, त्याला ड्रोनचा ऑटोपायलट जोडला, आणि बाहेर इंजिनिअर लोक डोळ्यात तेल घालून बसलेले! पीक आलं साडेचार टन, म्हणजे नेहमीपेक्षा कमीच.

आणि स्ट्रॉबेरी तोडणं अजूनही अवघड, फळ पानाआड लपतं, जरा जोर लागला की चेपतं, तिथे माणसाचा हात अजून भारी पडतो. कामं बदलतायत हे मात्र खरं, खुरपं कमी आणि स्क्रीनकडे बघणं जास्त.