जिनिंग आणि राईस मिलसाठी पर्यावरण व्यवस्थापन : ग्राहकांसाठी माहिती

"आयएसओ 14001 किती दिवसांत काढून देता?" मिलवाल्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. आयएसओ 14001 म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक. प्रमाणपत्र आम्ही देत नाही. ते प्रमाणन संस्था देते, तीन वर्षांसाठी, आणि मध्ये दरवर्षी तपासणीला येते. आमचं काम त्याआधीचं, म्हणजे मिलमध्ये पर्यावरण व्यवस्थापनाची व्यवस्था बसवून देण्याचं. खरेदीदार मागत नसेल तर प्रमाणपत्राचा खर्च खुशाल पुढे ढकला. व्यवस्था मात्र आताच लावा.

हे मानक 1996 मध्ये आलं, 2015 मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. धूर किती, सांडपाणी किती, याचे आकडे त्यात नाहीत. ते कायद्यात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात (मिल चालवायच्या परवानगीत) असतात. आयएसओ मिळालं म्हणून संमतीपत्राचं नूतनीकरण टळत नाही. आपल्या कामातून हवेत, पाण्यात, जमिनीत काय जातं ते शोधा, कुठे आधी हात घालायचा ते ठरवा, प्रत्येक काम एकाच्या नावावर टाका आणि नोंदी मालकाने स्वतः बघा, थोडक्यात मानक हे मागतं.

जळक्या तेलाचं घ्या. जनरेटर आणि गिअरबॉक्सचं काळं तेल कुंपणाजवळ उघड्या ड्रममध्ये पडलेलं असतं. कुणी वाळवीसाठी डबाभर मागतं, आपणही देऊन टाकतो. पावसात ड्रम भरून वाहतो आणि तवंग नाल्यातून शेजाऱ्याच्या वावरात जातो. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार हे तेल घातक कचरा आहे. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावं लागतं, साठाही साधारणपणे 90 दिवसांहून जास्त ठेवता येत नाही. उपाय साधा: झाकणाचा ड्रम, पत्र्याखाली, खाली सिमेंटचा कठडा, शेजारी वही. किती निघालं, कुणाला दिलं, सही. फिटरला ही वही पटली की पुढचं सोपं जातं.

जिनिंगमध्ये याशिवाय रुईची धूळ आणि आग, राईस मिलमध्ये तुसाची राख आणि उसन्या (उकड्या) तांदळाचं आंबट वास मारणारं पाणी. त्याचं प्रत्यक्ष मिल बघूनच बोलू.

पहिल्या भेटीचे पैसे घेत नाही. संमतीपत्र, वर्षभराची वीजबिलं आणि डिझेलचा हिशोब काढून ठेवा. भेट शक्यतो पावसाळ्यात ठरवा: पाणी कुठून कुठे वाहतं ते तेव्हाच दिसतं, आणि दिवाळीनंतर कापूस-धान सुरू झालं की तुम्हाला फोन उचलायलाही सवड नसते.