गिटारवादन : प्राथमिक शिक्षण

सहा तारांची स्पॅनिश गिटार नीट धरणे, तिच्या तारा सुरात लावणे, डाव्या हाताने मोजके कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) धरणे आणि उजव्या हाताची लय न मोडता एखाद्या गाण्याला पूर्ण साथ करणे, एवढा टप्पा गिटारच्या प्राथमिक शिक्षणात मोडतो. भारतात ‘स्पॅनिश’ हे विशेषण अजून टिकून आहे, कारण एके काळी इथल्या अनेक घरांत गिटार म्हणजे मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवायची हवाईयन गिटार, असाच अर्थ होता. गिटारवादक ब्रिजभूषण काबरा यांनी रागसंगीतात आणली तीही हीच. दोन्ही वाद्यांचे तंत्र इतके वेगळे आहे की एकावरचा हात दुसऱ्यावर फारसा उपयोगी पडत नाही; पुढील विवेचन स्पॅनिश गिटारपुरते आहे.

शास्त्रीय गिटारचा आजचा आकार आणि तिच्या पोकळ लाकडी धडाच्या आतील पट्ट्यांची रचना स्पेनमधील अल्मेरियाचे कारागीर आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) यांच्या कामातून रूढ झाली. तिच्यावर पूर्वी आतड्याच्या तारा असत. १९४० च्या दशकात नायलॉनच्या आल्या. धातूच्या तारांची अकूस्टिक गिटार आवाजाला खणखणीत, पण बोटांना कठोर असते. तिची मान (तारांखालची लांब दांडी) नटपाशी, म्हणजे खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या पट्टीपाशी, सुमारे ४३ मिमी रुंद असते, तर शास्त्रीय गिटारची सुमारे ५२ मिमी. त्यामुळे लहान हाताच्या विद्यार्थ्याला नायलॉनच्या तारा मऊ लागल्या तरी मान मात्र रुंद वाटते. वाद्य घेताना रंग आणि नाव पाहण्यापेक्षा तारांची उंची पाहावी. मानेवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात; धातूच्या तारांच्या गिटारवर बाराव्या फ्रेटपाशी तारेची फ्रेटपासूनची उंची साधारण अडीच मिलिमीटर असली तर ठीक. पाच मिलिमीटर असेल तर बोटे दुखतातच, शिवाय तार खोल दाबावी लागल्याने स्वरही चढतो. अशा वाद्यावर शिकणाऱ्याला आपलाच हात वाईट आहे असे वाटत राहते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात धातूच्या तारा गंजतात आणि लाकूड दमट होते, म्हणून वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावलेली बरी.

तारांची मोजणी बारीक तारेपासून होते : सर्वांत बारीक ती पहिली, सर्वांत जाड ती सहावी. सहावीपासून पहिलीपर्यंत त्यांचे स्वर ई, ए, डी, जी, बी, ई असे लावतात. सहावीची कंपने सेकंदाला सुमारे ८२.४ आणि पहिलीची ३२९.६ म्हणजे बरोबर चौपट. पेटीवर (हार्मोनियमवर) कान तयार झालेल्याला हे सरगमात समजते. सहावी तार सा मानली, तर पुढच्या तारा क्रमाने म, कोमल नी, वरच्या सप्तकातला कोमल ग, त्याच सप्तकातला प आणि अखेर त्याच्याही वरचा सा अशा लागतात. शेजारच्या दोन तारांत सा–म इतके अंतर असते, फक्त तिसरी आणि दुसरी यांच्यात ते सा–ग इतके आहे. म्हणूनच एक तार पाचव्या फ्रेटवर दाबली की तिच्या पुढच्या, अधिक बारीक, मोकळ्या तारेचा स्वर मिळतो. तिसरी तार मात्र चौथ्या फ्रेटवर दाबावी लागते. मोबाइलवरचा ट्यूनर हे काम चोख करतो, तरी आधी कानाने लावून मग ट्यूनरवर पडताळावे, म्हणजे कान आळशी होत नाही.

प्रत्येक फ्रेट म्हणजे अर्धा स्वर, आणि बारावी फ्रेट तारेच्या जवळजवळ मध्यावर येते. सतारीचा पडदा सरकवता येतो, गिटारची फ्रेट ठोकलेली असते. त्यामुळे पेटीप्रमाणेच गिटारचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा राहतो. गाणाऱ्याच्या कानाला हा फरक जाणवतो आणि त्याला इलाज नाही.

बोट फ्रेटच्या धातूवर नव्हे, तर तिच्या अगदी अलीकडे, खुंट्यांच्या बाजूला टेकवायचे असते. दोन फ्रेटच्या मधोमध दाबले तर तार खरखरते आणि विद्यार्थी विनाकारण जोर लावत बसतो. डाव्या हाताची नखे कापलेली हवीत, अंगठा मानेच्या मागे हवा. पहिले काही आठवडे बोटांची टोके दुखतात, मग तिथे घट्टे पडतात आणि तक्रार थांबते. रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा रोज सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटांचा रियाज घट्ट्यांनाही मानवतो आणि स्मरणालाही.

खरी अडचण कॉर्ड धरण्यात नसून एका कॉर्डवरून दुसऱ्यावर वेळेत जाण्यात असते. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर : मेजर कॉर्डमध्ये सा, ग, प, मायनरमध्ये ग कोमल. ए मायनर धरताना तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मधले बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर असते. इथून सी मेजरला जायचे तर तर्जनी आणि मधले बोट जागचे हलवायचेच नाही. एकटी अनामिका उचलून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्यायची. ए मायनरवरून ई मेजरला जाताना तिन्ही बोटांची आकृती तशीच ठेवून सगळा हात एक तार जाड बाजूला सरकवायचा असतो. नवखा विद्यार्थी मात्र दर वेळी तिन्ही बोटे हवेत उचलतो, एकेक करून पुन्हा टेकवतो आणि तेवढ्यात गाण्याची ओळ पुढे निघून जाते. म्हणून कोणत्याही दोन कॉर्डांत सामाईक बोट कोणते, हे आधी शोधून फक्त तेवढाच बदल मेट्रोनोमच्या (ठराविक ठोके देणाऱ्या यंत्राच्या) मंद ठोक्यावर पुन्हा पुन्हा करावा. मिनिटाला ६० ठोके ठेवून चार ठोक्यांनी एक बदल, ही सुरुवात पुरेशी आहे.

उजव्या हाताचा नियम छोटा, पण पाळायला कठीण : डावा हात चुकला तरी उजवा थांबवायचा नाही. ठोक्यावर हात खाली आणि दोन ठोक्यांच्या मध्ये वर जातो; एखादा आघात गाळायचा असेल तर तार न छेडता हात तसाच हवेतून फिरवायचा. चार ठोक्यांचे असे आठ अर्धे भाग केरव्याच्या आठ मात्रांवर सहज बसतात, आणि दादऱ्याच्या सहा मात्रांसाठी तीन ठोके धरता येतात. ज्याने लहानपणी भजनात टाळ धरला आहे, त्याला हा भाग मुद्दाम शिकवावा लागत नाही.

एफ मेजर हा पुढचा घाट. त्यात तर्जनी पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवी दाबायची असते. ती जमेपर्यंत फक्त बारीक चार तारांचा छोटा एफ चालतो : तर्जनी पहिल्या दोन तारांवर, मधले बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या आणि अनामिका चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर.

लेखनासाठी टॅब्लेचर वापरतात. सहा रेषा म्हणजे सहा तारा, त्यांवरचे आकडे म्हणजे फ्रेट. सर्वांत वरची रेषा बारीक तारेची असल्याने पहिल्यांदा गोंधळ होतो. ही पद्धत ल्यूटसाठी सोळाव्या शतकातही वापरात होती. साध्या टॅबमध्ये स्वर किती वेळ धरायचा हे बहुधा लिहिलेले नसते, त्यामुळे गाणे आधी ऐकलेले असावे लागते. स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरचे पाश्चात्त्य स्वरलेखन) शिकायचे असल्यास लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या श्रेणी परीक्षांची वाट आहे, तर गोव्यात कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे.

मराठी घरांत मात्र गिटार बहुतेक वेळा गाणाऱ्याच्या साथीला येते आणि गायक आपला सूर ‘काळी एक’ किंवा ‘काळी चार’ असा पेटीच्या पट्टीने सांगतो. अशा वेळी कॅपो नावाचा चाप उपयोगी पडतो. तो पहिल्या फ्रेटवर लावून सी मेजरच्या आकृतीने वाजवले की काळी एक मिळते, त्याच जागी जी मेजरच्या आकृतीने काळी चार आणि ए मेजरच्या आकृतीने काळी पाच. चाप तिसऱ्या फ्रेटवर नेऊन पुन्हा सीची आकृती धरली, तर काळी दोन.