स्थितांबरातील सूक्ष्मजीवांचा शोध (भारतीय बलून प्रयोग)

पृथ्वीबाहेरून सूक्ष्मजीव वातावरणात येत असतात का, याची प्रत्यक्ष तपासणी करण्यासाठी भारतीय शास्त्रज्ञांनी २००१ आणि २००५ मध्ये हैदराबाद येथून उंच जाणारे बलून सोडून केलेले प्रयोग. या बलूनांनी २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने निर्जंतुक नळ्यांत बंद करून खाली आणले व त्यांत जिवंत सूक्ष्मजीव आहेत का हे प्रयोगशाळांत तपासण्यात आले. प्रयोगांची संकल्पना व नेतृत्व पुण्याच्या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्राचे (आयुका) संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांचे होते, तर त्यांना भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे (इस्रो) पाठबळ होते. परग्रहावरील जीवसृष्टीचा शोध म्हटला की मंगळावरची याने किंवा रेडिओ दुर्बिणी डोळ्यांसमोर येतात. येथे मात्र शोधाचे क्षेत्र आपल्याच डोक्यावरची विरळ हवा होती.

प्रयोगामागची कल्पना जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते आर्‍हेनियस यांनी असे मांडले, की जीवाणूंची बीजुके (प्रतिकूल परिस्थितीत तग धरणाऱ्या सुप्त पेशी) ताऱ्यांच्या प्रकाशाच्या दाबाने ढकलली जाऊन एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर पोचू शकतील. या विचाराला पॅनस्पर्मिया हे नाव रूढ झाले. पुढे १९७० च्या दशकापासून केंब्रिजचे फ्रेड हॉयल आणि श्रीलंकेत जन्मलेले चंद्रा विक्रमसिंघे यांनी त्याला नवे रूप दिले. आंतरतारकीय धुळीत जैविक द्रव्य आहे, धूमकेतूंच्या अंतर्भागात सूक्ष्मजीव तग धरू शकतात आणि धूमकेतूंच्या धुळीबरोबर ते आजही पृथ्वीवर उतरत असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. बहुसंख्य जीवशास्त्रज्ञांनी ते मान्य केले नाही. तथापि त्यातील शेवटचा मुद्दा पडताळून पाहता येण्याजोगा होता, आणि केंब्रिजमध्ये हॉयल यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केलेल्या नारळीकरांनी नेमका तोच हाती घेतला. वरून काही पडत असेल, तर ते जमिनीवरच्या जीवांत मिसळून जाण्याआधी वाटेतच अडवून पाहावे, हा त्यामागचा सरळ विचार.

मात्र हा अडसर किती उंचीवर घालायचा, हा प्रश्न महत्त्वाचा होता. जमिनीवरची धूळ, परागकण व जीवाणू वाऱ्याने वर उचलले जातात. पण हवामानाच्या घडामोडी ज्या तपांबरात होतात, त्याची वरची सीमा उष्ण कटिबंधात सुमारे १६ ते १७ किलोमीटरवर असते. तिच्यावरील स्थितांबरात उंचीबरोबर तापमान वाढत जात असल्यामुळे खालची हवा उसळून वर जाणे अवघड होते. मोठ्या ज्वालामुखीच्या उद्रेकात ही सीमा भेदली जाते, परंतु ४१ किलोमीटरपर्यंत द्रव्य पोचणे विरळाच. शिवाय तेथील हवेचा दाब जमिनीवरील दाबाच्या हजारात तीन भागांहूनही कमी असल्याने जीवाणूएवढा कण तेथे फार काळ तरंगत राहू शकत नाही. म्हणून या उंचीवर जीवाणू सापडले तर ते खालून वर गेलेले नसून वरून खाली येत असलेले असण्याची शक्यता जास्त, असा प्रयोगकर्त्यांचा युक्तिवाद होता.

हवा गोळा करण्याचे उपकरण हा या प्रयोगाचा सर्वांत देखणा भाग म्हणावा लागेल. २० एप्रिल २००५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील बलून केंद्रातून सोडलेल्या बलूनचे आकारमान २ कोटी ६७ लाख घनफूट होते. त्याला ४५९ किलोग्रॅम वजनाचा उपकरणसंच टांगलेला होता आणि त्यात पोलादाच्या, आतून निर्वात व निर्जंतुक केलेल्या १६ नळ्या होत्या. संपूर्ण उड्डाणभर या नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडालेल्या होत्या. त्यासाठी ३८ किलोग्रॅम निऑन लागला. निऑन उणे २४६ अंश सेल्सिअसला उकळतो, तर नायट्रोजन व ऑक्सिजन हे वायू त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला गोठतात. त्यामुळे ठरलेल्या उंचीवर नळीची झडप उघडताच आत शिरणारी हवा थंड भिंतीवर गोठून बसते, नळीत पुन्हा निर्वात पोकळी होते आणि बाहेरची हवा पुन्हा आत ओढली जाते. एकही फिरता भाग नसलेला हा पंप इतक्या विरळ हवेतूनही तपासणीला पुरेल एवढे द्रव्य जमा करतो. वेगवेगळ्या उंचीवरची हवा वेगवेगळ्या नळ्यांत भरली गेली व नळ्या पॅराशूटने सुखरूप खाली उतरवण्यात आल्या.

पहिले उड्डाण जानेवारी २००१ मध्ये झाले होते. त्यातील नमुने ब्रिटनमध्ये तपासले गेले. कार्डिफ येथील गटाला जिवंत पेशी दाखवणाऱ्या रंजकद्रव्याच्या साहाय्याने पेशींचे पुंजके दिसले, आणि शेफील्ड विद्यापीठातील मिल्टन वेनराइट यांनी ४१ किलोमीटरवरील नमुन्यांतून दोन जीवाणू व एक बुरशी वाढवून दाखवली. ते तिन्ही जीव पृथ्वीवर परिचित होते. साहजिकच हे जीव प्रयोगशाळेतूनच नमुन्यात शिरले असतील, हा आक्षेप आला, आणि तो गैर नव्हता. जीवाणू कोठेही असतात. ते नाहीत असे ठिकाण तयार करणे हेच कठीण काम आहे. दुसऱ्या प्रयोगाची आखणी या आक्षेपाला उत्तर म्हणून झाली. या वेळी नमुने हैदराबादचे पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्र आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र या दोन संस्थांना स्वतंत्रपणे देण्यात आले व दोन्ही ठिकाणी कार्यपद्धती सारखीच ठेवण्यात आली. हैदराबादला एस. शिवाजी आणि पुण्याला योगेश शौचे यांनी हे काम पाहिले.

तपासणीत जीवाणूंच्या १२ व बुरशीच्या ६ वसाहती आढळल्या. जीवाणूंची जात ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या १६ एस आरएनए जनुकाच्या क्रमावरून त्यांपैकी नऊ वसाहती ज्ञात जातींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळल्या. तीन जीवाणू मात्र पूर्वी न नोंदलेल्या जातींचे निघाले. इस्रोने मार्च २००९ मध्ये हे निष्कर्ष जाहीर केले आणि जातींना जॅनिबॅक्टर हॉयली (फ्रेड हॉयल यांच्या नावावरून), बॅसिलस इस्रोनेन्सिस (इस्रोवरून) व बॅसिलस आर्यभट्टाई (आर्यभटावरून) अशी नावे मिळाली. जवळच्या नातलग जातींच्या तुलनेत या तिन्ही जाती जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांना लक्षणीयरीत्या अधिक दाद न देणाऱ्या होत्या. हे जीव स्थितांबरातच नळ्यांत आले असा विश्वास घेतलेल्या खबरदारीमुळे वाटतो, मात्र त्यांचे मूळ पृथ्वीबाहेरचे असल्याचे या अभ्यासातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे इस्रोच्या निवेदनातच स्पष्ट केले होते. वर्तमानपत्री मथळ्यांत हे दुसरे वाक्य बहुधा गळून गेले.

या निष्कर्षांचा अर्थ लावताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. इतक्या उंचीवर जिवंत सूक्ष्मजीव असतात का, हा पहिला. त्याचे होकारार्थी उत्तर बरेच बळकट आहे, कारण सोव्हिएत संघाच्या हवामान-अग्निबाणांनी ४८ ते ७७ किलोमीटरवरून सूक्ष्मजीव आणल्याचा अहवाल १९७८ मध्येच आला होता. ते तेथे कोठून आले, हा दुसरा प्रश्न, आणि अडचण तेथे आहे. जंबुपार किरणांना तोंड देण्याची क्षमता अवकाशप्रवासाची खूण मानता येईल. पण हे किरण अडवणाऱ्या ओझोनच्या थराच्या वर काही काळ राहिलेल्या पार्थिव जीवांतून असेच काटक जीव टिकतील, हेही तितकेच संभवनीय आहे. जातींचे नवेपण तर त्याहून कमजोर पुरावा ठरते. मूठभर मातीतही न नोंदलेले जीवाणू असतात.

सर्वांत मोठा आक्षेप साम्याचा आहे. धूमकेतूवर अब्जावधी वर्षे स्वतंत्रपणे उत्क्रांत झालेल्या जीवाचे जनुक पुण्या-हैदराबादच्या मातीतल्या जीवाणूशी इतके का जुळावे? पॅनस्पर्मियाचे समर्थक यावर म्हणतात, की पृथ्वीवरची जीवसृष्टीच तेथून आलेली असल्याने साम्य अपेक्षितच आहे. उत्तर तर्कशुद्ध असले तरी त्यात एक तोटा आहे: वेगळा जीव सापडला तर तो परका आणि सारखा सापडला तर तोही परकाच ठरत असेल, तर कोणत्याच निष्कर्षाने ही कल्पना खोटी ठरू शकणार नाही. ही कोंडी फोडण्याचा एक मार्ग म्हणजे सापडलेल्या पेशींतील कार्बनच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचे) प्रमाण पृथ्वीवरील जीवांपेक्षा वेगळे आहे का, हे मोजणे. त्यासाठी मूळ नमुन्यातल्याच पेशी लागतात. प्रयोगशाळेतील पोषक माध्यमावर वाढवलेली वसाहत पृथ्वीवरचाच कार्बन खाऊन वाढलेली असते.

या प्रयोगातील तीन जातींचा पुढचा इतिहासही बोलका आहे. वर्गीकरणाच्या फेरमांडणीत बॅसिलस इस्रोनेन्सिस आता सॉलिबॅसिलस या, तर बॅसिलस आर्यभट्टाई प्रीस्टिया या प्रजातीत गणला जातो. यांपैकी दुसरा जीवाणू नंतर निरनिराळ्या देशांत पिकांच्या मुळांभोवतीच्या मातीत सापडला. ४१ किलोमीटरपर्यंत चढलेल्या बलूनने आणलेल्या या जीवाणूवर आज संशोधन होते ते मुख्यतः वनस्पतींची वाढ सुधारणारा मातीतला जीवाणू म्हणून.